दारामागे काय आहे ते सांगा

…आणि वर मला म्हणतात, “ताई, तुम्ही आधी शांत व्हा!” अहो, मी शांतच होते! मी जन्मापासून शांत आहे! वर्गात हजेरीला मी ‘उपस्थित’ म्हणते ते बाईंना ऐकू जात नाही म्हणून दोनदा माझी गैरहजेरी लागलीय, आणि ती लागताना मी समोर बसून बघत होते आणि तरी काही बोलले नाही, इतकी मी शांत आहे! आणि ज्या माणसाने मला पस्तीस मिनिटं फोनवर बासरी ऐकवली, तीच बासरी, एकाच जागी अडखळणारी, तो मला सांगतो शांत व्हा… आणि मग काय म्हणाला माहितीय? म्हणाला, “त्याचं काय आहे ताई, ती आमची जबाबदारी नाही.”

मग कुणाची?

तुम्हाला सांगते, गेल्या तीन आठवड्यांत हे वाक्य मी इतक्या आवाजांत ऐकलंय… गोड आवाजात ऐकलंय, जांभई देत ऐकलंय, हातात ड्रिल धरून ऐकलंय… हो, ड्रिल धरून! सांगते ना. पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही कोण आणि हिचं गेलं तरी काय.

आमचं कुलपांचं दुकान आहे. म्हणजे बाबांचं, त्याआधी आजोबांचं. किल्ल्या बनवायच्या, कुलपं बसवायची, आणि दार मागे ओढलं गेलं, किल्ली आत राहिली, अशा लोकांची दारं उघडून द्यायची. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे काउंटर, त्याच्यावर किल्ली कापायचं मशीन, भिंतीभर हुकांना लटकलेल्या कोऱ्या किल्ल्या, आणि मागे एक दार. ते बोळात उघडतं आणि त्याच्यावर पाटीबिटी काही नाही. हे मागचं दार लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता बाबांचं तत्त्व ऐका. कुणीही आलं आणि म्हणालं, “अहो, माझ्या घराचं दार उघडून द्या,” की बाबा हत्यारांची पिशवी उचलतात, त्यांच्याबरोबर जातात, दारासमोर उभे राहतात… आणि काहीही करत नाहीत. विचारतात, “दारामागे काय आहे ते सांगा.” म्हणजे ज्याचं घर त्याला माहीत असणार ना! एक आजी म्हणाल्या, “डाव्या हाताला तीन छत्र्या, एकीची काडी मोडलेली.” बाबांनी दार उघडलं, आधी छत्र्या मोजल्या, मोडलेली काडी पाहिली, मग आजींना आत सोडलं. एकदा सुटाबुटातले एक साहेब होते, त्यांना आठवेचना! अकरा वर्षं त्याच घरात राहतायत आणि दारामागे काय आहे ते ठाऊक नाही! बाबांनी त्यांना बायकोला फोन लावायला लावला. त्या फोनवरून म्हणाल्या, “चपलांचा खण आहे, आणि ह्यांना माहीत नाही यात मला काहीच नवल वाटत नाही.”

आणि बाबांचं दुसरं तत्त्व. तत्त्व कसलं, रोजचं भाषणच. “दुसरी किल्ली कुठे आहे?” असं ते विचारतात आणि लोक लाजत सांगतात, “घरातच आहे हो, कपाटात.” झालं! “कपाटात? बंद घराच्या आत, कपाटात? मग तिचा उपयोग काय? कपाटाला?” हे भाषण मला पाठ आहे. कुठल्या शब्दावर बाबा भुवया वर करतात तेसुद्धा पाठ आहे.

तर अशा या दुकानाची वेबसाइट दोन वर्षांपूर्वी, आठवीच्या सुट्टीत, मी बनवली. दुकानाचं नाव, फोन नंबर, काय काय करून मिळेल, आणि बाबांचा एक फोटो ज्यात ते गुन्हेगारासारखे दिसतात. वेबसाइटला पत्ता लागतो, त्याला डोमेन म्हणतात. तो एका कंपनीकडून घ्यायचा, कंपनी आपल्या नावावर तो नोंदवते आणि सांभाळते. सांभाळते! हा शब्द पण लक्षात ठेवा.

आणि एके दिवशी आमच्या शाळेच्या लायब्ररीतल्या बाई दुकानात आल्या. मी काउंटरमागे गणितं करत बसले होते. मी खाली वाकून किल्ल्यांच्या खोक्यामागे लपणार होते, पण त्या सरळ बाबांकडे गेल्या आणि भांडायला लागल्या. कुजबुजत! इतकी वर्षं लायब्ररीत काढल्यामुळे त्यांना आवाज चढवताच येत नाही. “तुम्ही… अत्यंत… बेजबाबदार माणूस पाठवलात,” त्या कुजबुजल्या. बाबा म्हणाले, “काय?” त्या म्हणाल्या, “श्शू, मला बोलू द्या.”

झालं होतं असं, की बाई घराबाहेर अडकल्या, त्यांनी मोबाईलवर आमचं दुकान शोधलं, वेबसाइटवरचा नंबर फिरवला, एक माणूस आला, काही विचारलं नाही, सवरलं नाही, ड्रिल काढला आणि चांगलं कुलूप भोकं पाडून टाकून दिलं! वर एक डबड्यासारखं नवं कुलूप बसवून गेला.

बाबा म्हणाले, “आमच्याकडे मी सोडून कुणी नाही.” बाईंनी मोबाईल पुढे केला. वेबसाइट आमचीच. नाव आमचं. गुन्हेगारासारखे बाबा तिथेच. फक्त फोन नंबर… दुसराच!

बाबांनी ते नवं कुलूप हातात घेतलं, उलटसुलट केलं, आणि विचारलं, “किल्ल्या किती दिल्या?”

“दोन.”

“या कुलपाबरोबर तीन येतात.”

आणि बाबा स्टुलावर बसले. मी बाबांना दुकान उघडं असताना स्टुलावर बसलेलं कधी पाहिलेलं नाही. ते स्टूल मुळात गिऱ्हाइकांसाठी आहे.

कळलं ना तुम्हाला? नंबर बदलला, वेबसाइट गेली, यात बाबांना फारसं काही वाटलं नव्हतं. वेबसाइट त्यांनी जन्मात दोनदा बघितलीय. पण आमच्या नावावर कुणीतरी लोकांच्या दारात जातंय, लोक विश्वासाने त्याला दार दाखवतायत, आणि प्रत्येक दाराची एक किल्ली कुणाच्या तरी खिशात जातेय! चाळीस वर्षांत आजोबांनी आणि बाबांनी कुणाची तिसरी किल्ली ठेवून घेतली नाही हो!

बाबांनी पिशवी उचलली. बाई कुजबुजल्या, “पण मग चूक तुमची नाही ना?” बाबा म्हणाले, “कुणाची ते मागाहून बघू. आधी तुमचं कुलूप बदलतो.” आणि गेले. जाताना मला म्हणाले, “वेबसाइट तू केलीस ना? मग त्या कंपनीला फोन लाव.”

मी! फोन!

अहो, मी पिझ्झावाल्याशीसुद्धा बोलत नाही! मला फोनवर बोलायचं असलं की मी आधी वहीत लिहून काढते. तर मी लिहिलं, दोनदा पक्कं केलं, फोन लावला, बासरी ऐकली, आणि एक गोड आवाजाची ताई म्हणाली, “नमस्काऽर, मी आपल्याला काय मदत करू शकते?” मी वाचलं, “नमस्कार. माझ्या वडिलांच्या दुकानाचं डोमेन अनोळखी व्यक्तीने ताब्यात घेतलं आहे. कृपया ते परत मिळवून द्यावं. इथे श्वास घ्यायचा.”

मग ती म्हणाली, “घेतला का?”

घेतला. मग तिने सांगितलं, काऽही काळजी करू नका, तुमची ओळख पटवण्यासाठी आम्ही तुमच्या नोंदणीकृत ईमेलवर एक कोड पाठवलाय, तो वाचून दाखवा. मी म्हटलं, कुठल्या ईमेलवर? तिने सांगितलं. तो ईमेल आमच्या डोमेनचाच होता! दुकानाच्याच नावाचा! म्हणजे डोमेन चोराकडे, म्हणून ईमेल चोराकडे, म्हणून आमची ओळख पटवायचा कोड… चोराकडे!

“अहो, पण तो ईमेल आता चोर वाचतोय!”

“बरोबर, पण आमच्याकडे तोच नोंदवलेला आहे.”

“म्हणजे चोर फोन करून कोड सांगेल तर तुम्ही त्याला मालक म्हणाल?”

“त्यांनी कोड बरोबर सांगितला तर… हो.”

“आणि मी?”

“तुम्ही वेगळा ईमेल द्यायला हवा होता, ताई. तो कुठला द्यायचा ही आमची जबाबदारी नाही.”

आता मी तिच्यावर चिडू कशी? कारण तो ईमेल दिला होता कुणी? आठवीतल्या एका मुलीने! फॉर्ममध्ये विचारलं होतं, ‘खातं बंद पडल्यास संपर्क कुठे करावा?’ आणि मला वाटलं, दुकानाच्या नावाचा ईमेल किती ऐटबाज दिसतो! दुसरी किल्ली मी घरात ठेवली होती. कपाटात! बाबांची मुलगी मी, ते भाषण भुवयांसकट पाठ असलेली!

हे बाबांना सांगायचं कसं? मी युक्ती केली. किल्ली कापायचं मशीन सुरू असताना माणसाला शेजारचं काही ऐकू येत नाही. म्हटलं, आपण सांगून टाकायचं, म्हणजे सांगितल्याचं पुण्य मिळेल आणि त्यांना ऐकूही जाणार नाही. बाबांनी मशीन सुरू केलं, मी श्वास घेतला आणि म्हटलं, “बाबा, दुसरी किल्ली मी घरातच ठेवली होती!” आणि मशीन थांबलं. ‘दुसरी’ या शब्दाला थांबलं. पुढचं वाक्य अख्ख्या दुकानात घुमलं. एक गिऱ्हाईक होतं, तेसुद्धा म्हणालं, “अरेरे.”

मी सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, “मी रोज बोंबलून सांगतो…”

“लोकांना सांगता, बाबा. मला ईमेलबद्दल कुणी सांगितलं होतं?”

बाबांनी विचार केला. “हेही खरंच. मग चूक माझी.”

“नाही, माझी!”

“माझी! दुकान माझं आहे.”

“फॉर्म मी भरला होता!”

आई जेवणाचा डबा घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, “दोघं घ्या अर्धी अर्धी, पण आधी जेवा, गार होतंय.”

बरं, ही आमची चूक आम्ही कबूल केली. पण माझ्या डोक्यात एक किडा वळवळत होता. दुसरी किल्ली घरात राहिली, मान्य. पण पहिली चोराला मिळाली कशी? मी पासवर्ड कुणाला दिला नव्हता. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, पुन्हा बासरी, आणि या वेळी घसा बसलेला एक दादा. मी विचारलं, माझं खातं उघडून त्याच्या हातात दिलं कुणी? त्याने बराच वेळ कळफलक बडवला आणि म्हणाला, “आमच्याकडे नोंद आहे ना. खातेदारांनी फोन केला, पासवर्ड विसरल्याचं सांगितलं. आम्ही पूर्ण खात्री करूनच नवा दिला.”

“काय खात्री केलीत?”

“दोन प्रश्न विचारले. दुकानाचं नाव आणि दुकानाचा फोन नंबर. दोन्ही बरोबर सांगितले त्यांनी!”

अहो! ते आमच्या पाटीवर लिहिलंय! हातभर अक्षरांत! वेबसाइटवर पहिल्याच ओळीत आहे! रस्त्यावरून जाणारं कुत्रंसुद्धा वाचेल! मी वही बाजूला टाकली आणि म्हटलं, “दादा, म्हणजे मी तुमच्या घरासमोर उभी राहिले, दारावरची पाटी वाचून दाखवली, तर तुमचा कुलूपवाला मला आत सोडेल?” तर तो म्हणतो, “ताई, तुम्ही आधी शांत व्हा!” आणि मग ते वाक्य. “चोरीची तक्रार पोलिसांकडे करा. ती आमची जबाबदारी नाही.”

गेलो पोलिसांकडे. चौकीवरचे साहेब कागदावर पेन टेकवून म्हणाले, “बोला, काय गेलं?” बाबा म्हणाले, “डोमेन.” “केवढं होतं?” बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “त्याला आकार नसतो.” “रंग?” … “कुठून गेलं?” “इंटरनेटवरून.” साहेबांनी पेनाला टोपण घातलं. म्हणाले, “आमची हद्द नाक्यापर्यंत. तिकडचं दुसरं खातं बघतं, अर्ज करा, उत्तर येईल. ही आमची जबाबदारी नाही.”

मग कुणाची? सांगा ना! कंपनी म्हणते पोलिसांची, पोलीस म्हणतात दुसऱ्या खात्याची, दुसरं खातं म्हणतं उत्तर येईल, आणि तोपर्यंत रोज कुणीतरी घराबाहेर अडकतंय आणि आमचं नाव वाचून चोराला फोन करतंय!

बाबांनी दुकानाबाहेर खडूने भला मोठा फळा लिहून ठेवला: ‘वेबसाइटवरचा नंबर आमचा नाही.’ त्याने काय झालं? वेबसाइट आहे हे ज्यांना माहीतच नव्हतं ते आत येऊन विचारायला लागले, “मग नंबर कुणाचा आहे?” आणि हा प्रश्न ऐकता ऐकता बाबांचा हात थांबला. म्हणाले, “खरंच की. कुणाचा आहे, ते आपण फोन करून विचारलंच नाही.”

आणि त्यांनी ठरवलं, चोराला बोलवायचं. कशाला? दार उघडायला! कुठलं? आमचंच! मागचं! सांगितलं होतं ना, लक्षात ठेवा म्हणून?

फोन आईने केला. आई एरवी अत्यंत साधी बाई आहे, पण त्या फोनवर तिने जे काही केलं… “अहोऽ, मी बाहेर अडकलेय होऽ, गॅसवर दूध आहेऽ!” मी खुणा करतेय की दूध नको, पण ती थांबेना, दुधाबरोबर मांजर आलं, मांजराबरोबर तिची सासू आली, आणि आजी तर वारल्यात! मग आई बोळात जाऊन उभी राहिली, मी तिच्याशेजारी शाळेच्या दप्तरासकट, आणि बाबा दुकानाच्या आत, त्या बंद दारामागे, अंधारात दबा धरून. ठरलं असं होतं, की माणूस येईल, मी गुपचूप फोटो काढीन, बाबा पुढच्या दाराने फिरून मागून येतील आणि त्याला पकडतील.

माणूस आला. पंचविशीतला, घामाघूम, खांद्याला पिशवी. काही विचारलं नाही. ना नाव, ना गाव, ना दूध उतू गेलं का. ड्रिल काढला आणि कुलपाला लावला. आता ते कुलूप, तुम्हाला सांगते, आजोबांनी बसवलेलं. ड्रिल सुरू झाला आणि आतून आवाज आला, “अरे, तिथे नाही!”

माणूस दचकून मागे सरला. “आत कुणी आहे?”

आई म्हणाली, “…आमचे हे आहेत.”

“मग ते दार का उघडत नाहीत?”

आई म्हणाली, “आमचं भांडण झालंय.”

माणसाने थोडा विचार केला, त्याला ते पटलं बहुतेक, आणि पुन्हा ड्रिल लावला. “अरे गाढवा, खालची पिन! खालची! पितळ आहे ते, दगड नाही!” आणि बाबांना राहवलंच नाही, फिरून यायचं ठरलं होतं ते विसरून त्यांनी आतूनच दार उघडलं, त्याच्या हातातला ड्रिल बाजूला सारला, पिशवीतून दोन बारीक सळ्या काढल्या, दार पुन्हा ओढून घेतलं आणि वीस सेकंदांत उघडून दाखवलं. “हे असं!” तो पोरगा बघत राहिला. म्हणाला, “परत एकदा दाखवा ना.” आणि बाबांनी परत दाखवलं!! चोराला!! आई मला कोपराने ढोसत होती, फोटो काढ, फोटो काढ!

मग बाबांना आठवलं की आपल्याला राग आलाय. म्हणाले, “हे दुकान कुणाचं आहे माहितीय? ज्याच्या नावाने तू फिरतोस, त्याचं!”

तो म्हणाला, “मला कुठलं नाव माहीत नाही हो काका. मला मोबाईलवर पत्ता येतो, मी जातो. नाव कुणाचं, नंबर कुणाचा, ती माझी जबाबदारी नाही.”

आलं! ड्रिल धरून आलं!

बाबा ओरडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, “ड्रिल कुणाच्या हातात आहे?”

त्याने हाताकडे पाहिलं. मग पिशवीत हात घालून एक जुडगा काढला आणि बाबांच्या तळहातावर ठेवला. अकरा किल्ल्या. प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर घराचा पत्ता. लायब्ररीतल्या बाईंचा सगळ्यांत वर. “या शनिवारी एक जण येऊन सगळ्या एकदम घेऊन जाणार आहे,” तो म्हणाला. “कशाला ते मी विचारलं नाही.”

तो दिवस कुठला होता? शुक्रवार.

आता मात्र चौकीवरच्या साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. किल्लीला आकार असतो, रंग असतो, आणि चिठ्ठ्यांवरचे पत्ते नाक्याच्या आतले होते! त्या ड्रिलवाल्या मुलाने त्यांना मोबाईलवर येणारे निरोप दाखवले, मी त्यांचे फोटो काढले, आणि शनिवारी तो ‘एक जण’ आला तेव्हा मुलाशेजारी साध्या कपड्यांत दोन पोलीस होते. आणि बाबा? बाबा तिथे नव्हतेच. शनिवार-रविवार ते आणि मी बाईंचं सोडून उरलेली दहाच्या दहा घरं फिरलो. प्रत्येक दारात बाबा म्हणाले, “आमच्या नावावर तुमच्याकडे चुकीचा माणूस आला होता. कुलूप बदलून देतो.” लोक म्हणायचे, “पण तुमची काय चूक?” बाबा म्हणायचे, “या किल्ल्या मोजून घ्या. तीन आहेत.”

नवव्या घराच्या पायरीवर बसून मी कंपनीला फोन लावला. वही घरी राहिली होती. बासरी झाली, आणि तोच घसा बसलेला दादा. “ताई, ओळख पटल्याशिवाय…”

मी म्हटलं, “दादा, तुम्ही त्याला पाटी वाचायला लावलीत. आता एक प्रश्न मी सांगते तो विचारा. दारामागे काय आहे?”

“काय?”

“माझ्या वेबसाइटच्या आत एक पान आहे. ते मी आठवीत बनवलं आणि कधीच कुणाला दाखवलं नाही, त्यामुळे ते बाहेरून दिसत नाही. त्याच्यावर काय आहे ते त्याला विचारा. आणि मग मला विचारा. आणि तुम्हाला विचारायचं नसेल तर ज्यांची जबाबदारी आहे त्यांना फोन द्या, मी थांबते, मला बासरी पाठ झालीय!”

इतकं मोठं वाक्य मी जन्मात बोलले नव्हते. पायरीवर उभी राहून बोलले. बाबा दारात स्क्रू धरून बघत होते.

दादाने एका मोठ्या बाईंना फोन दिला. त्यांचा आवाज आमच्या मुख्याध्यापिकांसारखा. त्या म्हणाल्या, “सांग बाळ.” मी म्हटलं, “एक चित्र आहे. एक कुलूप. त्याला हात-पाय आहेत. ते काउंटरवर डोकं ठेवून झोपलंय. त्याला माझ्या बाबांसारख्या मिशा आहेत. खाली लिहिलंय, ‘दुकान उघडं आहे, मालक बंद आहेत.’”

बाबा म्हणाले, “काय??”

पलीकडे कळफलकाचे आवाज… आणि मग त्या मुख्याध्यापिकांच्या आवाजाच्या बाई हसल्या. इतक्या हसल्या की त्यांनी मागे कुणाला तरी बोलावून दाखवलं. मग म्हणाल्या, “आहे. मिशांसकट आहे. फोटो पाठव, पोलिसांची पावती पाठव. पाटीवरची माहिती विचारून आम्ही तुझं खातं दुसऱ्याला दिलं, ती…” आणि त्या थांबल्या. “…ती आमची चूक.”

लिहून ठेवलंय मी. तारीख-वेळेसकट!

चार दिवसांत डोमेन परत आलं. कंपनीने नवा फॉर्म पाठवला, त्यात एक चौकोन: ‘जबाबदार व्यक्तीचं नाव.’ मी म्हटलं, बाबा, इथे माझं नाव घालायचं. अर्धी जबाबदारी माझी आहे ना, मग मी ती घेते. बाबा म्हणाले, घाल. मी छान अक्षर-अक्षर टंकलं, जन्मतारीख घातली, बटण दाबलं… लाल अक्षरं! ‘जबाबदार व्यक्तीचं वय अठरा पूर्ण असणं आवश्यक.’ म्हणजे बघा! आपणहून घ्यायला गेले, तर कॉम्प्युटर म्हणतो तुझी नाही!

शेवटी नाव बाबांचं घातलं. दुसरा ईमेल आईचा, अगदी वेगळ्या ठिकाणचा. मोबाईल नंबर माझा, कारण बाबा निरोप वाचत नाहीत. आणि मी बाबांना बजावून सांगितलं, दार बंद आहे का ते अधूनमधून ओढून बघायचं असतं, तसं हेही बघत जा.

काल शाळेतून निघते तोच माझ्या मोबाईलवर निरोप: ‘तुमच्या खात्यात कुणीतरी शिरायचा प्रयत्न करत आहे.’ पुन्हा! मी दप्तर सावरत, रस्ता दिसेना, दम लागेस्तोवर धावत दुकानात शिरले, तर बाबा कॉम्प्युटरसमोर. चष्मा नाकावर. पाचव्यांदा चुकीचा पासवर्ड घालत.

“ओढून बघत होतो,” म्हणाले. “घट्ट आहे.”

खातं चोवीस तासांसाठी बंद. आईच्या ईमेलवर कोड गेला, पण त्या ईमेलचा पासवर्ड आईला आठवेना. तिने तो एका चिठ्ठीवर लिहून ठेवला होता. कुठे? घरात, कपाटात. कपाटाची किल्ली? आईला वाटतं, कपाटातच असेल.

मी कंपनीला फोन लावला. बासरी. घसा बसलेला दादा. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, “ताई, ती आमची जबाबदारी नाही.”

आणि तुम्हाला सांगते… या वेळी त्याचं बरोबर होतं हो.